मोटारगाडीची झीज व चालनपद्धती
मोटारगाडीची झीज व चालनपद्धती : घर्षण, उष्णता, गंजणे व वारंवार येणारे भार यांमुळे मोटारगाडीच्या भागांच्या पृष्ठावरील द्रव्य हळूहळू नाहीसे होणे अथवा ते भाग दुर्बल होणे म्हणजे झीज होय. ती गाडीच्या रचनेवर व निगेवर जशी अवलंबून असते, तशीच चालकाच्या सवयींवरही असते. एंजिन वरच्या फेऱ्यांवर ठेवणे, झपाट्याने वेग वाढविणे, वळणावर वेग फारसा कमी न करणे आणि ब्रेक उशिरा पण जोराने लावणे या पद्धतीला येथे जोमदार चालन म्हटले आहे. अशा चालनाने गाडी लवकर ‘संपते’ असा सर्वसाधारण समज आहे. तो काही भागांच्या बाबतीत पुरेपूर खरा, काहींच्या बाबतीत थोडाच खरा आणि एक-दोन बाबतींत चक्क उलटा आहे.

लहान गाडीचा प्रश्न मोठ्या गाडीपेक्षा थोडा वेगळा असतो. तिच्या एंजिनाला नेहमीच आपल्या सामर्थ्याच्या बऱ्याच मोठ्या हिश्शाने काम करावे लागते. भारतात १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० या गाडीचे तीन सिलिंडरांचे एंजिन ७९६ घ. सेंमी. धारणेचे होते. महामार्गावर चार माणसे व सामान घेऊन चढ चढताना त्याची थ्रॉटल झडप जवळजवळ पूर्ण उघडावी लागे. मोठ्या गाडीत जे जोमदार चालन ठरेल, ते लहान गाडीत साधे चालनच असते आणि अभिकल्पक ते गृहीत धरूनच एंजिनाची रचना करतो. उलट वजन कमी असल्याने ब्रेक, टायर व क्लच यांवर पडणारा बोजा लहान गाडीत मुळातच कमी असतो.

एंजिन : दट्ट्या (पिस्टन) प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो व दोनदा उलट फिरतो. त्यामुळे त्याच्यावर व संयोगदांड्यावर येणारी जडत्वाची प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मारुती ८०० मध्ये दट्ट्याची धाव ७२ मिमी. होती. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर या दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला १२ मी. होतो, तर वरच्या टोकाशी त्याचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या १,२०० पटींहून अधिक भरतो. २,५०० फेऱ्यांवर हाच प्रवेग एक चतुर्थांश असतो. आकडे भीतिदायक वाटले, तरी झिजेच्या दृष्टीने ते निर्णायक नाहीत. भुजादंड (क्रँकशाफ्ट) व त्याची बेअरिंगे यांचे धातू एकमेकांना सहसा टेकतच नाहीत; त्यांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. ब्यूशँप टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या बेअरिंगांवरील प्रयोगांत तेलाचा हा दाब प्रथम पाहिला व ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती मांडली. वेग वाढला की पापुद्रा जाड होतो, भार वाढला की तो पातळ होतो. म्हणजे मर्यादेच्या आत वाढलेला वेग बेअरिंगाला एका अर्थी तारकच ठरतो. [⟶ वंगण व वंगणक्रिया].

दट्ट्याच्या कड्यांची स्थिती मात्र निराळी असते. दोन्ही टोकांना दट्ट्याचा वेग शून्य होतो, पापुद्रा तुटतो आणि धातू धातूवर घासतो. म्हणूनच जुन्या सिलिंडराच्या वरच्या भागात, कड्या जेथून परत फिरतात तेथे, बोटाला लागेल असा उंचवटा आढळतो. जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे अशी झीज भार व घासण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. लहान गाडीत तोच एक किलोमीटर चौथ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये कापला, तर एंजिनाचे फेरे सुमारे दीडपट होतात. अंतरदर्शकावर तेच अंतर दिसते, पण कड्या त्याहून कितीतरी अधिक चालून आलेल्या असतात. जोमदार चालनाचा एंजिनावर होणारा सरळ परिणाम एवढाच. तो खरा आहे, पण माफक आहे.

यापेक्षा मोठी हानी थंड एंजिनात होते. ज्वलनातून पाण्याची वाफ व इंधनातील गंधकापासून अम्ले निर्माण होतात. सिलिंडराची भिंत थंड असेल, तर ती तिच्यावर द्रवरूपाने साचतात व लोखंड खातात. १९३०–४० या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल एंजिनिअर्स या संस्थेच्या संशोधनाने सिलिंडरांच्या झिजेत घासण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या संक्षारणाचा वाटा असल्याचे दाखवून दिले. आजच्या पेट्रोलमध्ये गंधक फारच थोडे असते, त्यामुळे हा दोष पुष्कळ सौम्य झाला आहे. नाहीसा झालेला नाही. थंड एंजिनात न जळलेले इंधन भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि घट्ट तेल दूरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे एंजिन तापले असे चालक समजतो, परंतु तेल पाण्याच्या बरेच मागून तापते. घरून निघताच पहिल्या दोन किलोमीटरांत एंजिन रेटणारा चालक जे नुकसान करतो, ते तापलेल्या एंजिनाने घाट जोमाने चढणाऱ्याच्या हातून सहसा होत नाही. रोज दीड-दोन किलोमीटर हळू जाऊन परत येणारी गाडी बाहेरून जपलेली दिसते. तिचे तेल मात्र पाणी व इंधन यांनी बिघडत असते.

इंधन वाचविण्यासाठी वरच्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर एंजिन ओढावयास लावणे, हीही अशीच एक गैरसमजाची सवय होय. भार मोठा व वेग कमी अशा या स्थितीत बेअरिंगातील पापुद्रा सर्वांत पातळ असतो, ठोके पडण्याचा संभव वाढतो आणि धक्के गिअरपेटीपर्यंत जातात. टर्बोभरक असलेल्या अलीकडच्या लहान एंजिनांत याच स्थितीत ठिणगीपूर्वी आपोआप ज्वलन होण्याचा प्रकार आढळतो व त्याने दट्ट्या फुटूही शकतो. सतत मंद चालविलेल्या एंजिनात काजळी साचते. ठिणगी-प्लगचे टोक सुमारे ४५०° ते ५००° से. पर्यंत तापले, तरच ते स्वतःची काजळी जाळून टाकते. अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर ‘पळवून आणावी’ हा जुन्या मेकॅनिकांचा सल्ला त्यामुळे निराधार नाही. सिलिंडरात थेट इंधन फवारणाऱ्या एंजिनांच्या अंतर्ग्रहण झडपांना मात्र इंधनाचा स्पर्शच होत नाही. त्यांच्यावरील थर असा निघत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो.

जोमदार चालन आणि लहान गाडी यांच्या संबंधाचे अभ्यासनीय उदाहरण म्हणजे ऑगस्ट १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेली मिनी. ॲलेक इसिगोनिस यांनी तिचे ८४८ घ. सेंमी. चे एंजिन आडवे बसवून गिअरपेटी त्याच्याखाली तेलाच्या टाकीतच घातली. जागा वाचली, पण एंजिन व गिअर यांना एकच तेल वापरावे लागले. बहुश्रेणी तेलांत श्यानता टिकविण्यासाठी लांबलचक रेणूंची बहुवारिके मिसळलेली असतात. गिअरांचे दाते हे रेणू कातरतात व तेल पातळ होत जाते. साहजिकच मिनीत तेल वेळेवर बदलण्याला इतर गाड्यांहून अधिक महत्त्व आले. जॉन कूपर यांच्या साहाय्याने १९६१ मध्ये तिची वेगवान आवृत्ती निघाली, तेव्हा केवळ शक्ती वाढवून भागले नाही. पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसवावे लागले. १९६३ च्या कूपर एस या आवृत्तीत भुजादंडाचे पोलाद नायट्राइड प्रक्रियेने कठीण केलेले होते. या गाडीने १९६४, १९६५ व १९६७ मध्ये माँटी कार्लो रॅली जिंकली. बाह्यतः तशीच दिसणारी साधी मिनी त्याच रीतीने हाकणाऱ्या हौशी चालकांजवळ तो भुजादंडही नव्हता आणि ते ब्रेकही नव्हते.

फेरे मर्यादेबाहेर गेले, तर झडपांच्या कमानी मागे पडतात व झडप दट्ट्यावर आदळू शकते. आधुनिक एंजिनांतील फेरेनियंत्रक इंधन तोडून हे टाळतो. मात्र भरधाव वेगात चुकून खालचा गिअर पडला, तर एंजिनाला चाकेच फिरवितात; तेथे त्याचा उपयोग नसतो. टर्बोभरकाचा दंड मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. घाट चढून येताच एंजिन एकदम बंद केल्यास त्याच्या तापलेल्या बेअरिंगात अडकलेले तेल जळून कोळसा होतो. मिनिटभर सावकाश चालवून मग बंद करणे पुरेसे असते.

क्लच : उभी गाडी सोडताना एंजिनाचे फेरे कायम ठेवून क्लच घसरविला, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतारूपाने जाते. ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १,५०० ऐवजी ४,००० फेऱ्यांवर गाडी सोडणारा चालक दर वेळी सुमारे सातपट उष्णता तेथे ओततो. क्लच किती काळ पुरणार, हे बऱ्याच अंशी यावरून ठरते.

ब्रेक : येथेही वर्गाचाच नियम लागू पडतो. माणसांसह ८५० किग्रॅ. भरणारी गाडी ताशी ८० किमी. वरून थांबविताना सुमारे २१० किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होते. ताशी ४० किमी. वरून थांबविताना तिचा चौथा हिस्साच होतो. उताराचा हिशेब याहून बोलका आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे सुमारे साडेपाचशे मीटर उतरताना याच गाडीची सु. ४,६०० किलोजूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडावी लागते, म्हणजे ताशी ८० वरून वीस-बावीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. हवा व टायर यांचा रोध थोडा वाटा उचलतो. उरलेला खालच्या गिअरमधील एंजिनाने घ्यावयाचा असतो. तो न घेतल्यास घर्षण-अस्तरे तापून त्यांची पकड घटते. ब्रेकमधील द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, तर पाणी शोषलेल्याचा किमान १४०° से. द्रव उकळून वाफ झाला की पायपट्टी तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. येथे प्रश्न झिजेचा न राहता जिवाचा होतो. जोमाने गाडी चालविणाऱ्याने इतर खर्चांत काटकसर केली तरी हा द्रव दोन वर्षांनी बदलण्यात करू नये.

टायर : जोमदार चालनाची सर्वांत मोठी किंमत टायरांना मोजावी लागते. वळणावर टायर किंचित आडवा घसरूनच बाजूची प्रेरणा निर्माण करतो. ए. शालामाख व डी. एम. टर्नर यांनी १९६० मध्ये दाखविल्याप्रमाणे रबराची झीज या घसरकोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घसरकोन साधारणतः बाजूच्या प्रेरणेच्या व ती प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अर्थात वळणावरील झीज ढोबळ मानाने वेगाच्या चौथ्या घाताने वाढते. ३० मी. त्रिज्येचे वळण ताशी ३० ऐवजी ४५ किमी. वेगाने घेतले, तर वेग दीडपट होतो आणि त्या वळणापुरती झीज सुमारे पाचपट. लहान चाकाचा तोटा येथे जाणवतो. १४५/७० आर १२ मापाचा टायर दर किलोमीटरला सुमारे ६२५ फेरे घेतो, तर मोठ्या गाडीचा १६ इंची टायर सुमारे ५००. शिवाय लहान गाड्यांत बहुधा पुढची चाकेच ओढतात, वळवतात व बहुतेक ब्रेकही सोसतात. मागचे टायर शाबूत असताना पुढचे गुळगुळीत झालेले दिसतात ते यामुळे.

सांगाडा व झुलावणी : खड्ड्याचा धक्का वेगाबरोबर वाढतो आणि धातूच्या शिणवट्यात भाराची थोडी वाढ आयुष्याची मोठी घट करते. त्यामुळे रबरी बुश, चेंडू-सांधे व धक्काशोषक यांच्या आयुष्यावर वळणांतील जोमापेक्षा खराब रस्त्यावरील वेगाचा परिणाम अधिक होतो. गंज मात्र चालनपद्धतीची पर्वा करीत नाही. कोकण किनाऱ्यावर दारात उभी असलेली गाडी पत्र्याने आधी जाते, एंजिनाने नव्हे.

वापरलेली गाडी तपासताना पूर्वीच्या चालकाची पद्धत काही खुणांवरून कळू शकते. पुढील टायरांच्या बाहेरील कडा पिसांप्रमाणे उचललेल्या असणे, ब्रेकच्या डिस्कवर निळसर डाग व काठाला उंच कड असणे, लांब उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दाबताच निळा धूर निघणे, या त्या खुणा होत. सुकाणू पूर्ण वळवून गाडी सावकाश फिरविताना ‘कट्‌कट्’ असा आवाज आल्यास पुढील दंडांचे बाहेरील सांधे झिजलेले असतात. पुष्कळदा त्यांचे रबरी वेष्टन फाटून आत धूळ गेल्यानेही तसे होते, तेव्हा चालकाला दोष देण्यापूर्वी ते वेष्टन पाहावे.