पाऊल आधी, हात नंतर : ताई-ची पदन्यास आणि वृद्ध वातरुग्ण

संधिगतवाताच्या वृद्ध रुग्णास व्यायाम सांगावा की वर्ज्य करावा, हा पेच आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा, असे स्पष्ट सांगितले आहे. परंतु गुडघेदुखीमुळे हालचाल थांबली की मांसबल क्षीण होते, पायांवरील विश्वास जातो आणि एखाद्या दिवशी उंबरा ओलांडताना रुग्ण पडतो. परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या रानात आयुष्यभर ओणव्याने राबलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे दृश्य नवे नाही.

वाट सुश्रुतांनी दाखविली आहे. चिकित्सास्थानाच्या 24 व्या अध्यायात व्यायामाहून वेगळे असे चंक्रमण वर्णिले असून, देहाला फारशी पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते आणि इंद्रियांना जागविते, असे तेथे म्हटले आहे. चीनमधील ताई-ची या ‘अंतर्गत’ युद्धकलेचा पदन्यास आम्हांस या चंक्रमणाच्या जवळचा वाटतो. हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी वाढलेल्या या कलेचा 24 हालचालींचा संक्षिप्त क्रम 1956 मध्ये तयार झाला आणि 2020 मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

नवशिका हातांच्या डौलदार हालचालींना भुलतो. खरी विद्या मात्र पायांत आहे. आपल्याकडे लाठी शिकविताना पवित्रा पक्का करून घेतात, तसेच हे. मूलतत्त्व एकच : एक पाय ‘पूर्ण’, दुसरा ‘रिक्त’. सारा भार एका पायावर स्थिर झाल्यावाचून दुसरा उचलावयाचा नाही. रिक्त पायाची टाच भार न देता अलगद टेकवावी, मग तळवा आणि त्यानंतरच भार हळूहळू पुढे न्यावा. दोन्ही पावले एका रेषेत न ठेवता त्यांत खांद्यांइतके आडवे अंतर राखावे. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने वळावा, बोटांपुढे जाऊ नये. भार असलेल्या पायावर गुडघा पिळू नये. वळणे ते खुब्यातून. आरंभी आमचाही प्रमाद झाला. आम्ही पाऊल टाकीत नव्हतो, पुढच्या पायावर पडत होतो. टेकविलेली टाच पुन्हा उचलून मागे घेता आली, तरच पाऊल बरोबर पडले, ही कसोटी उपयोगी ठरली.

आधुनिक अभ्यासांचा दाखलाही अनुकूल आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या 204 रुग्णांत 12 आठवड्यांच्या ताई-चीचा लाभ फिजिओथेरपीच्या तोडीचा आढळला. 2018 मधील दुसऱ्या चाचणीत पडण्याचा धोका असलेल्या, सत्तरी गाठलेल्या 670 व्यक्ती होत्या. पडणे टाळण्यासाठी बेतलेल्या ताई-चीच्या गटात, केवळ ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, पडण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी दिसले. मात्र तेथे आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास शिक्षकासमोर वर्ग होत असे. घरी केलेल्या चार पावलांकडून तेवढ्याच फळाची अपेक्षा धरू नये.

व्यवहारात आम्ही पुढील मर्यादा सुचवितो. भिंतीलगत किंवा जड खुर्ची हाताशी ठेवून, जवळ कोणी असताना, पाच मिनिटांनी आरंभ करावा. गुडघे अल्पच वाकवावेत. अर्धशक्तीचा नियम येथेही पाळावा. कपाळी घाम आला, तोंड कोरडे पडले की थांबावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ योग्य. सांध्यास तीव्र शोथ, ज्वर, भ्रम किंवा नुकताच अस्थिभंग असेल, तर हा उपक्रम सांगू नये.

औषधी विक्रेत्यांसही एक विनंती. गुडघ्याचे तेल मागणाऱ्या वृद्ध ग्राहकास ‘गेल्या वर्षभरात कधी पडलात का?’ असे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास त्यास वैद्यांकडे पाठवावे. तसेच अभ्यंगानंतर तळवे पुसल्यावाचून चालू नये, हे बाटली हाती देतानाच सांगावे. गुडघा बरा करण्यासाठी दिलेले तेल फरशीवर पाय घसरण्यास कारण ठरले, तर सारी चिकित्सा व्यर्थ होय.