देऊळ, पौर्णिमा आणि तिकीट
लेखमाला : खेळाचा खर्च कोणाचा? (भाग ७)

बेंगळूरूतल्या इलेक्ट्रॉनिक सिटीचं नाव १९७० च्या दशकाअखेरीचं. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळानं होसूर रोडलगत ३३२ एकरांवर ही वसाहत उभारायला घेतली, तेव्हा ती जमीन कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची होती. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव. जमिनीचं उत्पन्न विद्येकडे आणि धर्मकार्याकडे जावं ही त्यामागची व्यवस्था. इथून दहा-बारा किलोमीटरच्या आत बेगूर आहे. तिथलं नागेश्वराचं देऊळ गंग राजांच्या काळातलं, आणि तिथल्या इ.स. ८९० च्या सुमाराच्या शिलालेखात ‘बेंगळूरु’ हे नाव येतं. या शहराच्या नावाचा तो सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. त्याच शतकात, तीसेक वर्षं आधी, जावा बेटावर प्रम्बाननची देवळं उभी राहत होती. त्यांच्याशी जोडला जाणारा ‘शिवगृह’ शिलालेख शके ७७८ चा, म्हणजे इ.स. ८५६ चा. शके हा आपल्या पंचांगातलाच शक; जावाचे राजेही कालगणना त्यातच करत. तेव्हा बेगूर आणि प्रम्बानन ही एका काळाची, एका पंचांगाची देवळं. आज बालीच्या सुट्टीला दोन दिवस जोडून इथली मराठी कुटुंबं प्रम्बाननजवळच्या योग्यकर्ताला जातात, तेव्हा माहितीपत्रकात त्यांना एक वाक्य हमखास भेटतं : प्राचीन हिंदू मंदिरासमोर पारंपरिक जावानी नृत्यनाट्य. या वाक्यातल्या ‘प्राचीन’ या शब्दाबद्दल वाद नाही. आजचा भाग आहे तो ‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल.

कारण ते नृत्यनाट्य १९६१ सालचं आहे. म्हणजे महाराष्ट्र राज्याहून ते एका वर्षानं लहान. इंडोनेशियाचे तेव्हाचे मंत्री जातीकुसुमो यांनी कंबोडियात अंगकोरवाटसमोर तिथल्या राजनर्तकांचा कार्यक्रम पाहिला होता, आणि तसं काही आपल्याकडे प्रम्बाननला करावं, परदेशी पाहुण्यांना बोलवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. नृत्यरचना सुराकार्ताच्या दरबारी परंपरेत वाढलेल्या कुसुमोकेसोवो यांच्याकडे सोपवली गेली. जावामध्ये नटांनी बोलून, गाऊन आणि नाचून करायचं ‘वायांग वोंग’ हे दरबारी नाट्य आधीपासून होतं. त्यातले संवाद काढून टाकले, प्रवेश आखूड केले, समूहनृत्यं वाढवली, आणि या नव्या प्रकाराला नावही नवं दिलं : ‘सेंद्रातारी’. कला, नाट्य आणि नृत्य या अर्थाच्या तीन जावानी-इंडोनेशियन शब्दांची ती जोडणी आहे. संवाद काढले याचं कारण सरळ होतं. समोर बसणाऱ्याला जावानी भाषा येणार नव्हती. कथा सुरुवातीला सहा भागांत, चांदण्या रात्रींना व्हायची. आता बहुतेक दिवशी अख्खं रामायण दोन तासांत आटोपतं. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत खेळ उघड्यावर, मागे उजळलेली शिखरं ठेवून होतो, आणि पावसाळ्यात त्रिमूर्ती नावाच्या बंदिस्त नाट्यगृहात जातो.

एवढं कळलं की बराचसा जाणकार प्रेक्षक नाक मुरडतो. ‘पर्यटकांसाठी रचलेलं’ असं म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपतो. माझं म्हणणं असं की इथे परंपरेचं वय मोजायची फूटपट्टीच चुकते. आपण कलेच्या रूपाचं वय विचारतो : ही पावलं, हा पोशाख, ही रचना किती जुनी? विचारायला हवं ते व्यवस्थेचं वय : देवळाच्या आवारात रामकथेचा खेळ लावायचा, कुणीतरी त्याचा खर्च उचलायचा आणि लोकांनी जमायचं, हे किती जुनं? या मापानं पाहिलं तर प्रम्बाननचा खेळ साठीतला राहत नाही. मध्य जावात राजा बलितुंगाच्या काळातला शके ८२९ चा, म्हणजे इ.स. ९०७ चा ताम्रपट आहे. धर्मसंस्थेच्या निर्वाहासाठी करमुक्त जमीन लावून दिली, त्या समारंभाचा तो दस्तऐवज. अशा जमिनीला तिथे ‘सीमा’ म्हणत. आपल्या अग्रहाराची ती बहीणच. या ताम्रपटात दानाच्या तपशिलासोबत त्या दिवशीच्या करमणुकीचीही नोंद आहे : भीमाची कथा कुणी सांगितली, रामायण कुणी सांगितलं, देवासाठी वायांगचा खेळ कुणी केला. जमिनीच्या कागदात कलावंताचं नाव यावं, यातच सगळं आलं. खेळ हा त्या व्यवहाराचा भाग होता, शोभेची झालर नव्हे.

देवळाच्या दगडातही तेच दिसतं. प्रम्बाननच्या ४७ मीटर उंच शिवमंदिराच्या कठड्यावर आतल्या बाजूनं रामायण कोरलं आहे, आणि ते पुढे शेजारच्या ब्रह्ममंदिरावर चालू राहतं. प्रदक्षिणा घालत चाललं तरच कथा क्रमानं उलगडते. उलटं फिरणाऱ्याला राम आधी लंकेत आणि मग वनवासात भेटेल. थोडक्यात, या देवळात प्रेक्षकानं चालायचं आणि कथेनं उभं राहायचं, अशी नाट्याची रचना नवव्या शतकातच केलेली आहे. सेतुबंधनाच्या शिल्पापाशी क्षणभर थांबावं. वानर खांद्यावरून दगड आणून समुद्रात टाकताहेत, आणि खाली पाण्यातले मासे ते दगड तोंडात धरताहेत. वाल्मीकींच्या सेतुबंधनात असे मासे नाहीत. जटायूच्या प्रसंगातही सीता त्याच्याजवळ अंगठी देताना दिसते. म्हणून ‘तिकडे आपलंच रामायण करतात’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्यही जरा आवरून घ्यायला हवं. जुन्या जावानी भाषेतल्या ‘काकविन रामायणा’नं संस्कृतातल्या भट्टिकाव्याचा आधार घेतला, शिल्पकारांनी आणखी वेगळे पाठ वापरले, आणि आजच्या खेळात बिभीषणाची मुलगी त्रिजटा हे महत्त्वाचं पात्र होऊन बसतं. ज्या घरात सून म्हणून गेली, त्या घरची कथा झाली. माहेरानं हक्क सांगत बसू नये.

आता पहिला खरा आक्षेप. कुणी म्हणेल, ९०७ चा ताम्रपट आणि १९६१ चं तिकीट यांच्यात हजार वर्षांचं खिंडार आहे. ते शब्दांनी कसं बुजवणार? खिंडार आहेच. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी पूर्व जावात गेली, देवळांचा आश्रय तुटला, भूकंपांनी शिखरं कोसळली आणि पूजा थांबली. शिवमंदिर पुन्हा उभं राहिलं ते डचांच्या काळात सुरू झालेलं काम १९५३ मध्ये पुरं झाल्यावर. पण या हजार वर्षांत कथा कुठे होती? नंतरच्या शतकांत ती मशिदीत जाणाऱ्या राजांच्या वाड्यांत होती. अठराव्या शतकात योग्यकर्ता आणि सुराकार्ताच्या मुस्लिम दरबारांनी वायांग वोंगला रूप दिलं, नर्तक पोसले, चाली बसवल्या. आजही प्रम्बाननला राम आणि सीता होणारे बहुतेक कलाकार मुसलमान आहेत, आणि त्यात त्यांना किंवा त्यांच्या शेजाऱ्यांना काही विचित्र वाटत नाही. म्हणजे देऊळ एकीकडे पडून राहिलं, कथा दुसरीकडे नांदत राहिली, आणि दोघांची पुन्हा गाठ पडली ती १९६१ मध्ये, तिकिटाच्या निमित्तानं. ज्या घटकाला आपण परंपरेचा शत्रू समजतो, त्यानंच इथे ताटातूट संपवली.

दुसरा आक्षेप तिकिटाचाच. पैसे घेऊन केलेला खेळ देवापुढच्या खेळाच्या बरोबरीला कसा येईल? या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाला बाहेर शोधायला नको. १८४२ च्या सुमारास उत्तर कानडातली भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. त्या तारखेला आपण आजही मराठी रंगभूमी दिन पाळतो. राजाची आज्ञा, राजाचा खर्च, राजाचे पाहुणे. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय गेला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ लावले, आणि १८५३ मध्ये ते मुंबईत पैसे देणाऱ्या प्रेक्षकांपुढे उभे राहिले. देवपार्टी, राक्षसपार्टी, ‘अललडुर्र’ची आरोळी, सगळं तेच, बदलला तो फक्त बिल भरणारा. अवघ्या दहा वर्षांत दरबारातून तिकिटावर आलेल्या त्या रंगभूमीला आपण खोटी म्हणत नाही. ज्या कानडी मुलखातून ती प्रेरणा आली, तिथल्या यक्षगानातही देवळांच्या नावानं चालणाऱ्या फुकट मेळ्यांच्या, म्हणजे नटसंचांच्या, जोडीला विसाव्या शतकात तंबू ठोकून तिकीट लावणारे मेळे आलेच. जे सांगलीला माफ, ते जावाला गुन्हा कसं?

तिसरा आक्षेप मात्र मला जड वाटतो, आणि तो अर्धा मान्य करायला हवा. किनारी कर्नाटकात मंदार्ती, कटील अशा देवस्थानांचे यक्षगान मेळे आहेत. तिथे भाविक नवस बोलतो आणि फेडताना खेळ देतो. याला ‘हरके आट’ म्हणतात. मागणी इतकी की कटीलच्या नवसाच्या खेळांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. या खेळाचा पहिला प्रेक्षक देवी असते, माणसं नंतर. कोकणातल्या दशावतारातही पालखी फिरून आल्यावर खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीकाला होऊन संपतो. आडदसर या पूर्वरंगातला संकासुर, मग आख्यान, हा क्रम त्या रात्रीच्या धर्मविधीला शिवलेला असतो. शिवाय दोन्हीकडे संवाद लिहिलेले नसतात. गाणाऱ्यानं (यक्षगानात तो ‘भागवत’) पद म्हणायचं आणि नटानं त्याचा अर्थ जागच्या जागी उभा करायचा; समोरचा प्रेक्षक कथा कोळून प्यायलेला असल्यामुळे एखाद्या चपखल उत्तराला तिथल्या तिथे दाद येते. प्रम्बाननच्या खेळात हे नाही. गामेलान या वाद्यवृंदाच्या साथीवर गायक-गायिका कथा पुढे नेतात, नर्तक बोलत नाहीत, आणि प्रेक्षकाला नटाला काही परत देता येत नाही. नवस फेडणाऱ्याचं देवीशी देणंघेणं असतं. तिकीट काढणाऱ्याचं खुर्चीशी. ही घट खरी आहे आणि ती झाकू नये.

पण अर्धाच मान्य म्हटलं ते यासाठी. बेंगळूरूत पावसाळ्यात, किनाऱ्यावरचा हंगाम बंद असताना, यक्षगानाचे मेळे येतात आणि रात्र रात्र खेळ होतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतला मराठी रहिवासी तिथे जाऊन बसला, तर त्याची स्थिती काय होते? चंडे घुमू लागते, मोठ्या किरीटाचा राक्षसवेष आरोळी देत येतो तोवर ठीक. मग अर्थ सांगणं सुरू होतं, अख्खं सभागृह हसतं आणि हा शेजाऱ्याकडे पाहतो. त्या घडीला तो प्रम्बाननमधला परदेशी पाहुणाच असतो, फक्त त्याच्यासाठी कुणी संवाद काढून टाकलेले नसतात. १९६१ च्या रचनाकारांनी हाच प्रश्न सोडवला. शब्द गेले तेव्हा अर्थ अंगात भरावा लागला. जावानी नृत्यात ‘आलुस’ म्हणजे मृदू आणि ‘गागाह’ म्हणजे रांगडी अशा दोन चाली आहेत. राम जमिनीलगत पाऊल सरकवत, नजर खाली ठेवून येतो. रावण गुडघे बाहेर फाकवून पाय उचलतो आणि मंचाची जास्तीत जास्त जागा व्यापतो. राज्य कुणाला शोभेल याचा निकाल नजर आणि गुडघा यांतच लागतो. पांढराशुभ्र हनुमान पकडला जातो, आणि मंचावर गवताच्या झोपड्या खरोखरच पेटतात. त्या धगीचा वास पहिल्या रांगेत पोचतो, तेव्हा भाषांतराची गरज कुणालाच उरत नाही. संवाद गेल्याची भरपाई इतक्या कष्टानं केलेली असेल, तर तिला निव्वळ सोय म्हणता येत नाही.

म्हणून योग्यकर्ताचं तिकीट काढणाऱ्यानं ‘हे अस्सल आहे का’ हा प्रश्न घरी ठेवून जावा आणि तीन साधे प्रश्न सोबत न्यावेत : खर्च कोण करतं, खेळ कुणाला उद्देशून आहे, आणि त्या दोघांसाठी कलावंतानं काय सोडलं, काय नव्यानं कमावलं. दिवसा देऊळ उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा पुरी करावी आणि रात्री खेळ पाहावा. ताम्रपटातल्या त्या दिवसाच्या जवळात जवळ जाण्याचा तोच मार्ग. आणि हेच प्रश्न इथेही लागू आहेत. बेंगळूरूत यक्षगान आणणारी मंडळी बहुतेक किनाऱ्यावरून नोकरीधंद्यासाठी आलेली आहेत. म्हणजे पूर्वी जमिनीच्या उत्पन्नावर चालणारा खेळ आता पगारावर चालतो. कोनप्पन अग्रहाराच्या शेतांत आज धान्य पिकत नाही, पगार पिकतो. दानाची जमीन गेली म्हणून दानाची रीत जायलाच हवी असं नाही. त्या पगारातून रात्रभराचा एक खेळ कुणी मांडला, तर ९०७ च्या कागदाला ते अनोळखी वाटणार नाही.

(पुढील भागात : भाव्यांची मुंबई, तिकिटाची खिडकी आणि रात्रीच्या खेळाचा हिशेब)