बर्फाचे दप्तर

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाची संकटाविषयीची समजूत आभाळाशी बांधलेली असते. 2014 च्या जुलैत माळीण गाव दरडीखाली गाडले गेले तेही मुसळधार पावसात. त्यामुळे गुलमर्गच्या गोंडोल्यातून अफरवाटच्या माथ्याजवळ उतरलेल्या मराठी पर्यटकाला, रात्रभराचा हिमवर्षाव थांबून लख्ख ऊन पडलेले दिसले की, भय सरले असेच वाटते; आणि नेमकी तीच वेळ पुष्कळदा हिमस्खलनाची असते.

कारण डोंगरावरचे हिम ही एकजिनसी रास नव्हे, ते साऱ्या मोसमाचे दप्तर होय. प्रत्येक वादळ त्यात आपला एक कागद ठेवून जाते, आणि निरभ्र रात्री जुन्या कागदांत गुपचूप फेरफार करतात. काश्मिरात 21 डिसेंबरला सुरू होणाऱ्या चिल्लई कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत, हिम अद्याप उथळ असताना, जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकते आणि पृष्ठभाग मात्र कितीतरी अधिक थंड होतो. या तफावतीमुळे तळाचे बाष्प वर सरकू लागते, कणाकणांना जोडणारे सांधे झिजतात, आणि जाड साखरेसारखे, मुठीत न वळणारे स्फटिक मागे उरतात. त्यांच्यावर वाऱ्याने लोटलेले नवे हिम फळीसारखे घट्ट बसले, की 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाचा भारही पुरे होतो : दुर्बल थराला चीर पडते, ती निमिषार्धात दूरवर धावते, आणि फळी सुटते. तत्पूर्वी पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला तर तो इशारा समजावा. तो दर वेळी मिळतोच असे नाही. सहलीतील बळी घेणारी बहुतेक स्खलने खुद्द बळी पडलेल्याने वा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेली असतात. निसर्गाच्या माथी खापर फोडण्याची आपली जुनी सोय येथे उपयोगी पडत नाही. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गनजीक खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे लष्कराचे 17 जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले.

गाडलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात, अर्ध्या तासानंतर साधारण तिघांतील एक. हिम थांबताच आवळून घट्ट होते, श्वासाच्या बाष्पाने तोंडापुढे बर्फाचा पापुद्रा धरतो. म्हणून बाहेरून मदत येईपर्यंत वेळ उरत नाही, आणि संदेशयंत्र, शोधकाठी व फावडे ही त्रयी प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवरच असावी लागते.

जाणता वाटाड्या उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी खड्डा खणतो, हिमाचा एक खांब मोकळा करतो, त्यावर फावड्याचे पाते ठेवून मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा थापा मारतो. मनगटाच्या थापांतच खांब काटेकोर तुटून सरकला, तर मंडळी धारेवरून वळसा घेतात. खांब टिकला, तरी वाटाड्या निर्धास्त होत नाही : वीस पावलांवर खणलेला दुसरा खड्डा निराळीच साक्ष देऊ शकतो.