लवंगेचे तेल : लोकसमज आणि शास्त्र

पालघर, बोईसर आणि तारापूर या परिसरात किनाऱ्यावरील वाड्या, डोंगरालगतचे पाडे आणि औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या चाळी एकमेकींच्या शेजारी नांदतात. राहणी निराळी असली, तरी दाढ ठणकू लागताच दाढेखाली लवंग धरावी किंवा लवंगतेलाचा बोळा ठेवावा, हा महाराष्ट्रात घरोघरी चालत आलेला उपाय येथेही अपरिचित नाही.

लवंग मूळची इंडोनेशियातील मोलुक्का बेटांची. चरकसंहितेत मुखशुद्धीच्या द्रव्यांत तिची गणना केलेली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लवंगेच्या व्यापारात उतरले. १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत तारापूरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता.

वाळविलेल्या कळ्यांतून वाफ सोडून हे तेल काढतात. शंभर किलो कळ्यांपासून साधारणतः १५ ते २० किलो तेल मिळते. पाण्याहून जड असल्यामुळे ते तळाशी बसते. त्यात शेकडा ७० ते ९० भाग युजेनॉल हे द्रव्य असते. त्याच्या योगाने मज्जातंतू काही काळ बधिर होतात आणि ठणका थांबतो. दंतवैद्यही झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल मिसळून दातात तात्पुरते भरण करतात. लोकानुभवास शास्त्राचा आधार आहे, तो इतकाच.

दातात कीड शिरते आणि लवंगेने ती मरते, हा समज मात्र खरा नव्हे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्याने दात झिजतो. तेलाने वेदना शमते. पोकळी बुजत नाही. दुखणे थांबले म्हणून उपचार लांबणीवर पडतो आणि अखेर दात काढावा लागतो. तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्यांच्या तोंडातील दोन आठवड्यांत न भरणारा व्रण तर विनाविलंब तपासून घेणे अगत्याचे आहे.

निर्भेळ तेलाने हिरडी भाजते. लहान मुलाच्या पोटात एक-दोन चमचे तेल गेल्यास बेशुद्धी येऊन यकृतास गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी ओकारी न काढविता, बाटलीसह मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांनी शाळेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे सांगितले, तरी पुष्कळ काम होईल : तेल मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि दाढ थांबली तरी दवाखाना टाळू नये.