मुलाला कारनेच शाळेत सोडणं सुरक्षित?

लखनौच्या दक्षिणेला रायबरेली रस्त्यावर तेलीबाग आहे. ट्रक, शहर बस, सवारी घेणाऱ्या ई-रिक्षा आणि पुढच्या पीजीआय रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिका, सगळं याच रस्त्याने जातं. विमानतळ ते मुन्शीपुलिया धावणारी मेट्रो इथून जात नाही. तेव्हा मुलाला कारनेच सोडावं, असं पालकांना वाटणं साहजिक आहे. धडक झालीच तर पट्टा लावलेलं मूल कारमध्ये अधिक सुरक्षित असतं, हे खरंही आहे. पण हा हिशेब फक्त आतल्या मुलाचा झाला. चाळीस मुलं चाळीस कारमधून आली, तर एकामागे एक लावलेल्या त्या कारची रांग दीडशे मीटरच्या पुढे जाते. तीच मुलं एका बसमध्ये मावतात. शाळेच्या फाटकाशी मागे येणाऱ्या, वळणाऱ्या, दुहेरी उभ्या राहणाऱ्या कारमधून वाट काढतं ते पायी आलेलं मूल. त्याला धोका वाटतो म्हणून उद्या त्याचे पालकही कार काढतात, आणि गर्दी आणखी वाढते.

बंद काचेआड धूर लागत नाही, हा समजही अर्धाच खरा. कोंडीत पुढच्या वाहनाचा धूर हवेच्या झडपेतून आत येतो. आतली हवा फिरती ठेवली तर तो कमी होतो, पण बाहेर चालणाऱ्यांच्या वाट्याला आपलाच धूर जातो.

बसवर भरवसा नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. कोंबून भरलेली व्हॅन किंवा ई-रिक्षा हा पर्याय नव्हेच. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच शाळेच्या बसला वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अनुभवी चालक आणि सोबत मदतनीस बंधनकारक केले. पालकांनी मिळून हे शाळेकडे मागितलं पाहिजे. एकेकट्याने कार काढल्यावर ती मागणीच विरते. मोठ्या मुलींना सायकल झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी शेजारचा बिहार पाहावा. 2006 पासून तिथे नववीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि मुरलीधरन व प्रकाश या संशोधकांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश सुमारे 32 टक्क्यांनी वाढला. ती गावं होती, रायबरेली रस्ता नव्हे. म्हणून इथे सायकल वस्तीच्या आतल्या गल्ल्यांपुरती, आणि किलोमीटरभरातल्या लहानग्यांसाठी पाळीपाळीने एका पालकाबरोबर घोळक्याने चालत जाणं, हे आजही जमण्यासारखं आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटी देणं हा पर्याय नाही: त्यासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.