बिनपंखांची माशी

हळदीच्या पट्ट्यातील शिक्षकांना कंदमाशी परिचयाची असेल. डासासारखी, पण डासाहून मोठी, लांब पायांची. हळदीच्या व आल्याच्या गड्ड्यात आढळणाऱ्या अळ्या हिच्याच. मायक्रोपेझिडी नावाच्या ज्या कुलात ती मोडते, त्या कुलातील माश्यांचे मधले आणि मागचे पाय चांगलेच लांब, तर पुढचे आखूड असतात. पुष्कळ जाती हे पुढचे पाय मिशांसारखे हलवत चालतात आणि त्यामुळे मुंगी किंवा गांधीलमाशी असल्याचा भास होतो.

मुंगीचे हे सोंग कंदमाशीच्या एका दूरच्या बहिणीने अगदी टोकाला नेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दलदलीत राहणाऱ्या या माशीचे वर्णन डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केले. माश्यांच्या गणाला आपण द्विपंखी म्हणतो. हिला मात्र पंखच नाहीत! नाव बॅडिसिस अँब्युलन्स. पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन, आणि दोन्हींचा अर्थ चालण्याशी निगडित. नाव ठेवणाऱ्याने गंमत साधली आहे खरी.

हिच्या अळ्या वाढतात त्या सेफॅलोटस या कीटकभक्षी वनस्पतीच्या घटांत. मेघालयातील घटपर्णीशी हिचे जवळचे नाते नाही. वर्गीकरणात ती आपल्या अंबुशीच्या आणि कमरखाच्या गणात येते. तिचे घट जेमतेम काही सेंटिमीटरचे आणि जमिनीला टेकलेले. साहजिकच त्यांत पडतात त्या बहुतेक मुंग्या. दलदलीच्या मातीत नत्र कमी, ते ही वनस्पती मुंग्यांच्या शरीरातून मिळवते. म्हणजे मुंग्यांसाठी जो सापळा, त्याच्याच तोंडाशी मुंगीसारखी दिसणारी ही माशी अंडी घालायला जाते. अळ्या घटातल्या द्रवात राहून बुडालेल्या किड्यांच्या अवशेषांवर पोसतात.

मग या अळ्या पाहुण्या की चोर? वनस्पतीच्या तोंडचा घास त्या पळवतात असे म्हणता येईल. उलट, भक्ष्याचे बारीक तुकडे झाले तर नत्र लवकर सुटे होते, असेही म्हणता येईल. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमका हाच प्रश्न घेतला होता. ज्या झाडांवर पक्व घट भरपूर होते, तेथे अळ्या जितक्या जास्त तितक्या नव्या घटांच्या कळ्या कमी आढळल्या. जेथे पक्व घट थोडे होते, तेथे बरोबर उलटे. अळ्या असणे-नसणे याने झाडातील कर्ब-नत्र गुणोत्तराच्या बदलात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र अळ्या असलेल्या घटांत हा बदल कमी-जास्त होण्याचे प्रमाण कमी होते. आपण वर्गात फळ्यावर सहजीवन आणि परजीविता असे दोन रकाने आखतो. ही माशी त्यांपैकी कोणत्याच रकान्यात आज घालता येत नाही, आणि आमच्या मते विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगावे.

सेफॅलोटसची गणना असुरक्षित वनस्पतींत झाली आहे. 1970 च्या दशकापासून त्या भागातील पाऊसही घटला आहे. हौशी लोक ही वनस्पती जगभर कुंड्यांत वाढवतात, त्यामुळे ती कोठे ना कोठे टिकेल. माशीचे तसे नाही. दलदल आटली, तर पुढच्या दलदलीपर्यंत तिला चालतच जावे लागेल.