कण्हेर आणि बिट्टी : ओळख, लागवड व सावधगिरी



वैशाखात बागेतली झाडे माना टाकतात, पण कुंपणाकडेची कण्हेर मात्र हिरवीगार आणि फुलांनी डवरलेली असते. ती फारसे पाणी मागत नाही आणि शेळ्यामेंढ्या तिला तोंड लावीत नाहीत. म्हणूनच देवळाच्या आवारात, शाळेच्या अंगणात आणि महामार्गांच्या दुभाजकांत ती हटकून दिसते.

पण शेळी तिला तोंड का लावीत नाही, याचा आपण कधी विचार केला आहे काय? संस्कृतात हिला करवीर म्हणतात, तसेच अश्वमारकही म्हणतात. अश्वमारक म्हणजे घोड्याला मारणारी! हा इशारा नावातच आहे, तो आपण विसरता कामा नये.

आधी ओळख पटवू या. कण्हेरीची पाने जाड, चिवट, भाल्याच्या पात्यासारखी, चार ते सहा इंच लांब असतात. फांदीच्या एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पाने एकत्र येतात. फुले गुलाबी, पांढरी किंवा लाल. काही एकेरी, काही दुहेरी. शेंगा लांब व बारीक, जोडीने येणाऱ्या. त्या उकलल्या की आतून केसाळ बिया उडतात.

पिवळ्या फुलांची जी कण्हेर आपण म्हणतो, ती खरे पाहता निराळी. तिचे नाव बिट्टी. ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची. तिची पाने अरुंद आणि एकेकटी फिरत्या क्रमाने लागतात. पान तोडले की पांढरा चीक येतो. फूल लांबट घंटेसारखे आणि फळ हिरवे, पिकल्यावर काळे. त्यातली टणक बी मुले खेळायला घेतात, आणि धोका आहे तो इथेच.

आता लागवड. कण्हेर फांदीपासून येते. पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट जून फांदी घ्यावी. खालची पाने काढून ती ओल्या वाळूमिश्रित मातीत निम्मी पुरावी. तीन-चार आठवड्यांत मुळ्या धरतात. बिट्टी ताज्या बियांपासून सहज उगवते. कुंपणासाठी दोन झाडांत 3 ते 4 फूट अंतर ठेवावे. जागा भरपूर उन्हाची हवी, पाणी साचणारी नको. फुले नव्या फुटीवर येतात, तेव्हा बहर ओसरला की छाटणी करावी. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो. पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराच जातो.

छाटणीनंतर हात धुवावेत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. दोन्ही झाडांची पाने, फुले, बिया, साल, मुळ्या सारे विषारी आहे. विशेष लक्षात ठेवा, पान वाळले तरी विष जात नाही. हिरवे पान कडू म्हणून गुरे टाळतात. पण तेच वाळून कडब्यात मिसळले, तर वैरणीबरोबर पोटात जाते. म्हणून छाट गोठ्याजवळ, हौदाजवळ टाकू नये, चुलीतही जाळू नये, खड्ड्यात पुरावी. कण्हेरीच्या काडीचे दातवण करू नये, तिच्यावर कणीस भाजू नये.

हे विष हृदयावर परिणाम करते. उलट्या, पोटदुखी, चक्कर आणि नाडी मंद वा अनियमित होणे ही त्याची लक्षणे. मुलाने बी चावली असा नुसता संशय आला, तरी घरगुती उपायांत वेळ दवडू नका. 108 वर दूरध्वनी करा, रुग्णालय गाठा आणि झाडाचे पान किंवा फळ सोबत न्या. उलटी थांबली म्हणजे धोका टळला असे नव्हे. परिणाम उशिराही दिसतो.

मग झाड तोडून टाकावे काय? सरसकट तसे नको. लहान मुले खेळतात तेथे बिट्टी लावू नये. असेल तर फळे धरण्याआधी छाटावी. कण्हेर कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला शोभते. गुरुजी, एक तास वर्गाला झाडापाशी न्या, दोन्ही पाने शेजारी धरून दाखवा. ओळख पटलेले मूल सहसा फसत नाही.